मुका पळणारा कुत्रा

दोन हजार तेवीस साल, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. न्यू जर्सीत मुलाकडं येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलाचं ऑफिस पार्सिपनीला आणि घर तिथून पाऊण तास पश्चिमेला, जिथं एकसारख्या घरांच्या रांगा संपतात आणि घोड्यांचे फार्म सुरू होतात. मुलगा म्हणायचा, आबा, इथं किती शांतता आहे. शांतता होतीच, पण तिचं करायचं काय हे मला कळत नव्हतं. पाचला उठायचो, भांड्याचा आवाज न करता चहा करायचो आणि चालायला निघायचो. घरी आलो की या खोलीतून त्या खोलीत. सून एकदा म्हणाली, "आबा, पाच मिनिटं एका जागी बसवत नाही का हो तुम्हाला?" नाही बसवत. कधीच बसवलं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात चालता चालता मला कुत्र्यांचा आवाज आला. एकदोन नव्हे, तीसेक तरी असतील. आवाजामागं गेलो तर झाडांच्या पलीकडं लांब शेड, जाळीचं आवार, आणि आत पांढरी-तांबडी-काळी ठिपक्यांची दणकट कुत्री. एक गोरा म्हातारा त्यांच्यापुढं पातेल्यानं खाणं ओतत होता. त्याचा एक गुडघा वळत नव्हता, त्यामुळं तो पाय ओढत चालायचा. मी जाळीबाहेर उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीही राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यानं फाटक उघडलं आणि माझ्या हातात झाडू दिला. एवढीच आमची ओळख. त्याला मराठी नाही, मला इंग्रजी नाही, पण कुत्र्याच्या कानात हात घालून कान दुखतोय का बघायला भाषा लागत नाही.

ही शिकारीच्या क्लबाची कुत्री होती, आणि हा म्हातारा त्यांना सांभाळणारा व शिकारीत पुढं नेणारा. क्लबनंच शेडजवळ दिलेल्या घरात राहायचा. शिकार खोकडाची. इथलं खोकड तांबडं, झुपकेदार शेपटीचं, आमच्याकडच्या खोकडापेक्षा अंगानं थोर. इथं कुत्री नाक जमिनीला लावून वास काढत जातात. वास लागला की सगळी ओरडायला लागतात, आणि त्या ओरडण्यामागं क्लबचे लोक कोट-टोप्या घालून घोड्यांवरून पळतात. खोकड बिळात शिरलं की खेळ संपला, कुत्र्यांना थोपटायचं आणि घरी यायचं.

मला हे बघून हसूच आलं. मी जतकडचा. आमच्या वडिलांकडं कारवानी कुत्री होती, लांब पायांची, पोट पाठीला लागलेली. कारवानी कुत्रं नाकानं नाही, डोळ्यानं पळतं. माळावर आपण उभं राहायचं, दोन बोटं त्याच्या पट्ट्यात. ससा किंवा खोकड उठलं की हनुवटीला हात लावून कुत्र्याचं तोंड तिकडं वळवायचं, नजर बसली की कानात हळूच छू म्हणायचं आणि बोटं काढून घ्यायची. पुढं त्याच्या तोंडातून आवाज येता कामा नये. ओरडण्यात दम जातो, आणि पुढच्या जनावराला आपण किती मागं आहोत ते कळतं. ओरडणारं कुत्रं आमच्याकडं कुणी फुकट दिलं तरी घ्यायचं नाही. जमिनीला नाक लावणारं तर उकिरड्यावरचंच.

बहात्तरच्या दुष्काळानंतर शिकारबंदीचा कायदा आमच्या गावापर्यंत पोचला तेव्हा मी पंचविशीत होतो. फॉरेस्टचा माणूस सायकलवरून आला, चावडीवर कागद चिकटवला, पाणी प्यायला आणि गेला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. वडिलांनी दोन्ही कुत्री साखळीला बांधली. पहाटे ती उठून उभी राहायची, साखळी ताणून, माळाकडं तोंड करून. त्यांतलं एक तीन महिन्यांत मेलं. दुसरं वडिलांनी एका धनगराला देऊन टाकलं आणि नंतर घरात कुत्र्याचं नाव काढलं नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतो, की दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्यानं माझ्या हातात दोन महिन्यांचं पिल्लू ठेवलं तेव्हा मला काय वाटलं असेल ते समजावं. क्लबची रीत होती. पिल्लं काही महिने ओळखीच्या घरी वाढवायला द्यायची, म्हणजे ती माणसांत राहतात, रस्ता, गाड्या, लहान मुलं यांना बिचकत नाहीत. मग परत कळपात. नातीला मी दुभाष्या म्हणून बरोबर नेलं होतं. ती तेव्हा सोळा वर्षांची, इथंच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. म्हाताऱ्यानं तिला बजावून सांगितलं, आणि तिनं मला, की याला खाऊ घाला, फिरवा, खेळवा, पण शिकवू काही नका. सशाच्या, हरणाच्या मागं तर अजिबात जाऊ देऊ नका.

कुत्रं घरात ठेवायचं आणि शिकवायचं नाही? मी मान हलवली, आणि मनात म्हटलं, तुला काय कळतंय.

पिल्लू बेसमेंटमध्ये राहिलं. सुनेनं आधी नाक मुरडलं, मग तिच्याच जुन्या रजईवर ते झोपायला लागलं. नातीनं त्याचं इंग्रजी नाव ठेवलं. मी त्याला गड्या म्हणायचो. रोज पहाटे आम्ही दोघं वसाहतीमागच्या टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावपंचायतीच्या, मोकळ्या रानात जायचो. तिथं ससे भरपूर. त्यानं नाक खाली घातलं की मी पट्टा उचलायचो. भुंकला की तोंड मुठीत धरायचो, नाकावर टिचकी. ससा उठला की हनुवटीला हात, कानात छू. पहिल्या महिन्यात त्याला कळेचना. त्याचं रक्तच वासाचं. पण मी कुणाचं ऐकणारा नाही, तसा कुत्र्याचंही ऐकत नाही. थंडी पडेपर्यंत गड्या मान वर काढून, तोंड मिटून, बाणासारखा जायला लागला होता. मी हे कुणाला बोललो नाही. पुढच्या वसंतात तो कळपात परत गेला तेव्हा नात रडली. मी मात्र वाट बघत होतो, की एक दिवस हा एकटा पुढं निघेल आणि बाकीची नाकं घासत मागं राहतील.

तो दिवस आला, नवरात्रातल्या शनिवारी. शेजारची बाई, नागपूरकडची, मला काका म्हणते. तिच्या बॅकयार्डात भोंडला होता. मध्ये पाटावर रांगोळीचा हत्ती, भोवती बायका आणि मुली फेर धरून. पुरुष मंडळी डेकवर चहा पीत होती, त्यांत मी आणि माझा मुलगा. लांब कुठंतरी कुत्र्यांचा गलका चालला होता, पण भलत्याच दिशेला, ओढ्याच्या पार पलीकडं. आणि कुंपणाच्या फटीतून खोकड आत आलं. फेराच्या मधून, हत्तीवरून. त्याच्यामागं दोन हातांवर गड्या, तोंड मिटलेला. पलीकडचं फाटक बंद होतं. खोकड वळलं, झोपाळ्याखाली शिरलं, आणि तिथंच गड्यानं ते धरलं. एक झटका, संपलं.

सगळे ओरडत होते. शेजारणीची पाच वर्षांची मुलगी झोपाळ्यापासून चार पावलांवर उभी होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "शाब्बास."

हळूच निघालं. पण डेकच्या पायरीपाशी माझी नात उभी होती, तिनं ऐकलं. गड्यानं माझा आवाज ऐकला आणि खोकड टाकून शेपटी हलवत थेट माझ्याकडं आला. नातीनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

त्यानंतर वसाहतीत दुसरा विषय राहिला नाही. शेजारणीची मुलगी बॅकयार्डात पाऊल टाकेना. बाई माझ्या सुनेला म्हणाली, यार, आज खोकड होतं, उद्या कुणाचं मूल असलं तर? टाउनशिपच्या रानात कुत्र्यांची शिकार बंद करा म्हणून अर्ज निघाला, आणि तो कॉम्प्युटरवर लिहिला माझ्या नातीनं. ती सगळ्यांत पुढं. शाळेत पोस्टर, दारोदार सह्या. क्लबवाले म्हणायचे, शंभर वर्षं हे रान मोकळं राहिलं ते आमच्या घोड्यांमुळं, नाहीतर इथंही घरंच झाली असती. कोंबड्या पाळणारे म्हणायचे, खोकडाचा कळवळा येणाऱ्यांनी आमची खुराडी येऊन बघावीत. रस्त्याच्या एका बाजूला बंदी मागणाऱ्यांच्या हिरव्या पाट्या, दुसऱ्या बाजूला क्लबच्या पिवळ्या. टाउनशिपनं शनिवारी सकाळी शाळेच्या जिममध्ये सुनावणी ठेवली.

मी शेडवर जात राहिलो. गड्याला वेगळ्या जाळीत ठेवला होता. म्हातारा खाणं ओतताना नुसता त्याच्याकडं बघत राहायचा. त्याला ते कोडं सुटत नव्हतं. रान बंद झालं तर क्लब बंद, कुत्री दुसरीकडं जाणार आणि त्याचं घरही जाणार, हे मला मुलानं सांगितलं होतं. मला झोप लागेना. जेवायला बसलो की उठायचो. एकदा शेडच्या वाटेला लागलो आणि अर्ध्यातून मागं फिरलो. स्वतःला सांगत होतो की कुत्र्यानं केलं ते बरोबरच केलं, कुत्र्याचं कामच ते. पण म्हाताऱ्याकडं वर मान करून बघवत नव्हतं, हेही खरं.

सुनावणीच्या दोन दिवस आधी नात माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहिली.

"आबा, यू ट्रेन्ड हिम. राइट?"

मी म्हटलं, "पट्ट्यानं मारलं नाही कधी त्याला."

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड." मग मराठीत, एकेक शब्द शोधत, "तुम्ही त्याला शिकवलं?"

मी म्हटलं, शिकवलं. चांगलं शिकवलं. ती तशीच वळून गेली. आपला संशय तिनं कुणाला सांगितला नव्हता आणि पुढंही सांगणार नव्हती. सांगून तिचा फायदाही नव्हता. शिकारीचं कुत्रं शिकारीमुळंच मोकाट सुटलं, हेच तिच्या अर्जाला सोयीचं होतं.

जिममध्ये बसायला जागा नव्हती. पुढं टेबलामागं कमिटीचे पाच जण, समोर माइक, शेजारी घड्याळ. नाव आधी दिलेल्यालाच बोलता येणार, प्रत्येकी तीन मिनिटं, संपली की लाल दिवा. मला ही पद्धत आवडली, सांगतो खरं. आमच्याकडं सायकलवरून कागद आला होता. इथं कोंबडीवालाही उभा राहून बोलत होता आणि पाचही जण लिहून घेत होते.

म्हाताऱ्याचा नंबर आला. टोपी हातात चुरगाळत तो उभा राहिला. कमिटीतल्या बाईनं त्याला विचारलं, तुमचा कुत्रा कळपापासून एवढा लांब गेला, तर तुम्ही त्याला मागं का बोलावलं नाही? नात माझ्या कानात तुटक मराठीत सगळं सांगत होती. म्हातारा म्हणाला, मी त्याला ऐकलंच नाही. आमचं कुत्रं माग लागला की ओरडतं, ओरडलं की मी शिंग वाजवून थांबवतो. हा ओरडलाच नाही. चाळीस वर्षांत असा कुत्रा बघितला नाही.

मागून कुणीतरी हसलं. दुसरा एक जण मोठ्यानं म्हणाला की साहेबांना कानाचं मशीन द्या, आणि मग बरेच जण हसले. म्हाताऱ्याची मान लाल झाली. लाल दिवा लागायच्या आतच तो खाली बसला.

मी उठलो. माइककडं निघालो तर यादी घेऊन उभ्या असलेल्या माणसानं हात आडवा केला, यादीत नाव नाही. मी त्याला मराठीतच म्हटलं, बाजूला हो. तो होईना. तेवढ्यात नातीचा नंबर पुकारला. चौदावा. तिच्या हातात टाइप केलेला कागद होता, आठवडाभर आरशापुढं पाठ केलेला. ती माइकपाशी गेली, कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग तिनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली की माझी तीन मिनिटं माझ्या आजोबांना, मी ट्रान्स्लेट करीन.

मी माइकपाशी गेलो. तोंड कमिटीकडं करायचं होतं, मी म्हाताऱ्याकडं केलं.

"कुत्रं मी बिघडवलं," मी म्हटलं. "यांनी मला सांगितलं होतं, शिकवू नका. मी शिकवलं. माझ्या गावाकडं कुत्रं मुकं पळतं, ते मी याला लावलं. भुंकला की तोंड धरायचो. म्हणून यांना ऐकू आलं नाही. यांच्या कानाला काही झालेलं नाही."

नातीनं सांगितलं. माझ्यापेक्षा तिला जास्त वेळ लागला, म्हणजे काही गाळलं नसावं. म्हाताऱ्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर राग आधी आला की सुटका, मला नाही सांगता येत.

कमिटीतल्या बाईनं विचारलं, मग तुमच्या मते शिकार चालू राहावी का?

नातीनं मला हा प्रश्न सांगितला तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. मी काय म्हणणार ते तिला ठाऊक होतं. आणि तेच तिला स्वतःच्या तोंडानं त्या सगळ्या हिरव्या पाट्यांपुढं म्हणावं लागणार होतं.

मी म्हटलं, "शिकार वाईट, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. वडील शिकारी होते, मी शिकारी आहे." थांबलो. तिनं सांगितलं, माझ्याकडं न बघता, सरळ. मग मी म्हटलं, "पण आमच्या माळावर खोकडाला पळायला जागा होती. कुत्रं हरायचं, खूपदा हरायचं, म्हणून जिंकण्यात काही होतं. इथं चहूकडं कुंपणं. ते पळून पळून जाणार कुठं, तर भोंडल्यात. फाटक बंद करून धरलेल्याला शिकार म्हणत नाहीत. ते मी बघितलं आणि शाब्बास म्हणालो. ते चुकलं."

लाल दिवा लागला. नातीनं तो लागलेला असतानाच शेवटचं वाक्य सांगितलं आणि तिला कुणी थांबवलं नाही. बसायला गेलो तर शेजारीण सरकली आणि मला जागा करून दिली. "काका, बसा," एवढंच म्हणाली. तिनं माफ केलं असं मी समजत नाही.

कमिटीनं तासाभरानं निकाल दिला. टाउनशिपच्या रानात जिवंत जनावरामागं कुत्री सोडायची नाहीत. क्लबला हवं तर खोकडाच्या वासाचं फडकं आधी ओढून न्यावं आणि त्या मागावर कुत्री पळवावीत. एक वर्ष करून बघा, मग ठरवू. घर-शेड तूर्त राहणार. नातीला अर्धंच मिळाल्यासारखं झालं, क्लबवाल्यांनाही अर्धंच. मला तर कसंसंच झालं. कुत्र्यांची फौज, घोडे, कोट, आणि सगळं कशामागं, तर चिंधीमागं.

बाहेर पार्किंगमध्ये म्हातारा पाय ओढत आमच्या गाडीपाशी आला. माझ्याशी नाही, नातीशी बोलला. बराच वेळ. ती ऐकून घेत होती आणि मध्येच तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतात, तुम्ही त्यांचा बेस्ट डॉग खराब केला. म्हणतात, फडकं ओढणारा सरळ रेषेत चालला तर कुत्र्यांना बोअर होतं. खोकडासारखं चालणारा माणूस पाहिजे. त्यांचा गुडघा..." ती थांबली. "उद्या साडेसहाला या म्हणतात. आणि तुम्ही नाही आलात तर ते समजतील, की तुम्हाला ससे सोडून काही कळत नाही."

गाडीत मुलगा म्हणाला, आबा, या वयात कशाला. सून म्हणाली, थंडी किती आहे. नात खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहालाच मी शेडवर होतो. म्हाताऱ्यानं बाटलीतला वास फडक्यावर ओतला, असा उग्र की डोळ्यांत पाणी आलं, आणि दोरी माझ्या हातात दिली. वीस मिनिटांनी तो सहाच कुत्री घेऊन पायीच निघणार होता, त्यांत गड्या. मी रानात शिरलो. आधी वाऱ्याला पाठ दिली, मग दगडी बांधाच्या कडेनं गेलो, तिथून उलटा फिरलो, माझ्याच वाटेवरून तीस पावलं मागं. ओढ्यापाशी फडकं उचलून हातात घेतलं, पाण्यातून वर चालत गेलो, दुसऱ्या काठाला लांब जाऊन पुन्हा टाकलं. खोकड काय करतं ते मला म्हाताऱ्यानं शिकवायची गरज नव्हती. बूट भरले, धाप लागली, आणि मागं कुत्र्यांचा ओरडा सुरू झाला. पाच आवाज मी मोजले.

सहावा नव्हता. वळून बघितलं तर उताराच्या डोक्यावर गड्या एकटा उभा, मान वर, तोंड मिटलेलं. वास बीस काही नाही, रानात मला शोधत होता. अजून नजर बसली नव्हती. बसली असती तर सरळ रेघेत माझ्याकडं आला असता आणि सगळं पुन्हा तेच. लपायला झाड जवळ नव्हतं. मी फडकं पोटाशी घेतलं आणि ओढ्याकाठच्या खळग्यात पालथा पडलो, गुडघे पाण्यात, तोंड ओल्या पाल्यात. श्वास धरून तसाच पडून राहिलो, त्यानं नाक खाली घालावं म्हणून.